ती घड्याळ बघत नव्हती

नवी वस्तू हातात आली की ती आधी नाकाशी न्यायची. बूट असो, साबणाची वडी असो, नाही तर माझ्या बायकोनं पुण्याहून आणलेली पुरणाची चाळणी असो. डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायची आणि मग विचारायची, "ओरिगिनाल?"

तिच्याबद्दल खरं सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बोललो नाही असं नाही. बोललो तर पुष्कळ ठिकाणी. चहावर, वाढदिवसांना, एकदा तर माइकवरून. पण खऱ्यापाशी यायची वेळ झाली की मला नेमका खोकला यायचा. आता पंच्याहत्तरी उलटली आहे आणि खोकला खरोखरचा झाला आहे. तुमच्यापैकी काही जण त्या दिवशी हॉलमध्ये होते आणि पोट धरून हसले होते. जे नव्हते त्यांनी नंतर हसणाऱ्यांकडून ऐकलं. तेव्हा हे तुम्हालाच सांगायला हवं.

तिचं नाव सांगणार नाही. तेव्हाही मी नाव घेतलं नव्हतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

जर्मनीत बॉबलिंगेनला आम्ही राहतो ती इमारत जुनी आणि अतिशय स्वच्छ आहे. आमच्या या भागात जिना धुण्याची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर 'केअरवोख' अशी पाटी लटकते आणि तो आठवडाभर त्या घराची अब्रू पायऱ्यांवर पसरलेली असते. ती मला पहिल्यांदा दिसली त्या दिवशी पाटी आमच्या दारावर होती. बाह्या वर करून मी जिना पुसत होतो आणि मनगटावर निवृत्तीच्या वेळी कंपनीनं दिलेलं सोनेरी घड्याळ होतं. गाडीचं दार आणि गाडीचं अंग यांच्यातली फट सगळीकडे सारखी आहे की नाही, हे बघण्यात माझी सगळी नोकरी गेली; त्याबद्दलचं ते घड्याळ. ते घालून जिना पुसू नये हे मला कळत होतं. पण जिन्यात शेजारी भेटतात हेही कळत होतं.

वरच्या मजल्यावर फिलिपिन्सची एक नर्स राहायची. तिची मुलगी इतकी वर्षं तिकडे आजीपाशी वाढली होती आणि आता कायमची आईकडे येणार होती, हे आम्ही ऐकून होतो. ती आली ती माझ्या केअरवोखमध्ये. आई खाली टॅक्सीतून बॅगा काढत होती. मुलगी एकटीच वर आली. चौदा-पंधरा वर्षांची, अंगात इथल्या थंडीला हसू येईल असं पातळ जाकीट. मला पाहून थांबली. किंचित वाकली, माझा ओला हात धरला आणि सरळ आपल्या तोंडाकडे न्यायला लागली. मी पाहिलं तर तिची नजर खाली, थेट मनगटावर.

मी हात हिसकून घेतला. त्यात बादलीला पाय लागला आणि पाणी खालच्या मजल्यापर्यंत धावत गेलं. ती "सॉरी, सर" म्हणाली आणि पळत वर गेली.

संध्याकाळी मी हे बायकोला सांगितलं. ती तोवर शेजारधर्म म्हणून वर शिऱ्याची वाटी देऊन आली होती.

"माझाही हात धरला तिनं," बायको म्हणाली. "कपाळाला लावला. मी आपला दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. नमस्कार असेल हो त्यांच्यातला."

"बांगड्या बघत असेल," मी म्हणालो.

मला माझंच वाक्य आवडलं. पुढच्या शनिवारी झिंडेलफिंगेनला एकाकडे जेवायला गेलो तेव्हा ते मी पुन्हा म्हटलं आणि ते इतरांनाही आवडलं. ज्या घरात म्हटलं त्या घराच्या तळघरात खासगी सिनेमागृह होतं. यजमानांनी जेवणाआधी सगळ्यांना त्यातल्या मागे कलणाऱ्या खुर्च्या कलवून दाखवल्या होत्या. जेवताना विषय निघाला की हल्लीच्या मुलांना नुसत्या वस्तू लागतात. आम्ही सगळे हळहळलो. मग बाणेरचा फ्लॅट विकून बावधनला दोन घ्यावेत का, यावर चर्चा झाली. त्याच्या मधल्या फटीत माझी जिन्याची गोष्ट अगदी मापात बसली.

हळूहळू ती मुलगी आमच्याकडे यायला लागली. तिच्या आईच्या दवाखान्यातल्या पाळ्या विचित्र असायच्या. आमची नात रेवा तिच्याच शाळेत, शाळा सुटल्यावर आमच्याकडे यायची. तिच्याबरोबर हीपण. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अभ्यास करायच्या, थालीपीठ खायच्या. रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. ही सुरुवातीला इंग्रजीत बोलायची, आणि बघता बघता तीही रेवासारखंच जर्मन बोलायला लागली. मला ती 'लोलो' म्हणायची आणि बायकोला 'लोला'. म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा, आजी. घरात आली की आधी लोलाचा हात कपाळाला लावायची. माझ्या बाबतीत मात्र दोन पावलं लांब उभी राहून मान हलवायची. मला वाटायचं, पकडली गेली म्हणून बिचकते.

आणि घरभर तिचं ते वास घेणं चालायचं. रेवाची नवी पिशवी, ओरिगिनाल? माझा चष्मा, ओरिगिनाल? गौरी-गणपतीच्या आधी पुण्याहून मूर्ती आली, तर खोका उघडल्यावर तिनं गणपतीच्या कानापाशी नाक नेलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "लोला, ओरिगिनाल?"

"पेणचा आहे," बायको म्हणाली. "याहून ओरिगिनाल नसतो."

घरातली एकही चीज या चौकशीतून सुटली नसेल, असं मला तेव्हा वाटत होतं.

ती साधी होती, निरिच्छ होती, असं काही मला सांगायचं नाही. तिला वस्तू मनापासून आवडायच्या. पांढरे बूट हवे होते, त्यांच्या बाजूला ठरावीक खूण असलेले. मोठा फोन हवा होता. दुकानाच्या काचेशी उभी राहिली की रेवाला तिला हाताला धरून ओढावं लागे. शाळेत नीतिशिक्षणाच्या तासाला बाईंनी विचारलं, तुम्हाला सुखी व्हायला काय लागेल? मुलं म्हणाली मैत्री, आरोग्य, कुटुंबाबरोबर वेळ. ही म्हणाली, बूट. रेवानं घरी येऊन सांगितलं की वर्गात एकदम शांतता झाली आणि बाई तिच्याशी नंतर वेगळं बोलल्या. रेवा आणखी एक म्हणाली होती, जे मी पुढे कुठेच सांगितलं नाही: त्या वर्गात तसले बूट नसलेली ती एकटीच होती.

एकदा कांदे आणायला मी केलरमध्ये, म्हणजे आमच्या तळघरातल्या खोलीत निघालो तर ती बरोबर आली. उतरता उतरता मी तिला नेहमीचं सांगत होतो की माणसाला जगायला फार थोडं लागतं. केलरचं दार उघडलं. आत छतापर्यंत खोके होते. आम्ही घेतलेल्या प्रत्येक यंत्राचा खोका मी जपून ठेवला आहे.

"लोलो, हे सगळे भरलेले?"

"रिकामे."

"मग कशाला ठेवलेस?"

"वस्तू परत करायची वेळ आली तर लागतो."

तिनं सर्वांत मोठ्या खोक्यावर हात ठेवला. "हा कशाचा?"

"जुन्या टीव्हीचा."

"तो टीव्ही कुठाय?"

टीव्ही केव्हाच भंगारात गेला होता. ती हसली, पण चिडवायला नाही. खोक्यात डोकं घालून तिनं वास घेतला आणि म्हणाली, "याचा गेला."

वर आल्यावर थालीपीठ खाता खाता तिनं खोक्यांची गोष्ट सांगितली. तिची आई तिला सोडून जर्मनीत आली तेव्हा ती अगदी लहान होती. मग आईकडून वर्षातून एक-दोनदा खोका यायचा. माणूस मावेल एवढा, बोटीनं. गल्लीतली माणसं जमायची. आजी चिकटपट्टी कापायची आणि आत हात घालायच्या आधी सगळे आळीपाळीनं खोक्यात तोंड घालून वास घ्यायचे. साबण, कॉफी, चॉकलेट, धुण्याची पावडर, सगळं मिळून एक वास. त्याला ते जर्मनीचा वास म्हणत. "मी आईचा वास म्हणायचे," ती म्हणाली. खोका जड आला की आईला जास्त आठवण आली असं ती आणि तिची मामेभावंडं धरून चालायची. एका वर्षी हलका आला तर ती दोन दिवस जेवली नव्हती. आजीनं तो रिकामा खोका फेकला नाही. त्यात ही जाऊन बसायची.

"आणि मग विमानतळावर आईला मिठी मारली," ती म्हणाली, "तर तिला दवाखान्याच्या हात धुवायच्या साबणाचा वास. मला वाटलं, चुकीची बाई."

हे सांगून ती स्वतःच खूप हसली. रेवाही हसली. बायको उठून उगाच गॅसशी गेली.

"आता तो वास कुठेच येत नाही," ती म्हणाली. "इथे सगळीकडे तोच आहे ना, म्हणून."

मी तेव्हा काय केलं ते नीट सांगतो. मी मनात म्हटलं, हे भाषणात घेता येईल.

कारण इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन येऊन गेला होता. "लिमये काका, पोरं फार मटेरियलिस्टिक झालीयेत. गणपतीत यूथसाठी एक सेशन ठेवलंय. तुम्ही बोला. जर्मनमध्ये बोला म्हणजे कळेल त्यांना. फक्त जरा लाइट ठेवा, काय?" मी ठेवतो म्हणालो. इतक्या वर्षांत मंडळानं मला सतरंज्या मोजायला बोलावलं होतं, बोलायला प्रथमच बोलावत होते.

हॉल तुम्हाला आठवत असेल. स्टेजच्या एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेल्या एका बिल्डरच्या टोलेजंग इमारतीची प्रतिकृती. खिडक्यांमधून लुकलुकते दिवे. त्या वर्षी जेवण त्याच्याकडून होतं, म्हणून माझ्याआधी त्याची फिल्म दाखवली. पोहण्याच्या तलावाकाठी एक आजोबा नातवंडांबरोबर हसत होते. माझ्यानंतर लकी ड्रॉ होता, पहिलं बक्षीस एअर फ्रायर. या दोहोंच्या मध्ये मी उभा राहिलो आणि सुख वस्तूंत नसतं हे सांगायला सुरुवात केली.

ती तिसऱ्या रांगेत होती. रेवानं आणलं होतं. रेवाचाच हिरवा परकर-पोलका तिनं घातला होता, बायकोनं तिच्या केसांत गजरा माळला होता. उकडीचा मोदक नाकाशी नेताना मी तिला स्टेजवरून पाहिलं होतं. म्हणजे ती तिथे आहे हे मला माहीत होतं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की उजेड डोळ्यांवर होता.

पहिली दहा मिनिटं मुलं फोन बघत होती. मग मी म्हटलं, माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. खोक्याची गोष्ट सुरू केली तशी ती सावरून बसली. रेवाला कोपरानं डिवचलं. आपल्याबद्दल काहीतरी चांगलं येणार अशा अपेक्षेनं ती माझ्याकडे बघत होती. मी खोका जड आणि प्रेम जड इथवर आलो आणि म्हणालो, म्हणजे त्यांच्याकडे माया वजनावर मिळते. पहिल्यांदा हशा आला. त्या हशाची मला कल्पना नव्हती. मुलांनी फोन खाली ठेवले, आणि मागे उभी असलेली मोठी माणसंसुद्धा पुढे सरकली. मग मी बूट सांगितले. मग मी अध्यक्षांना स्टेजवर बोलावलं, त्यांचा हात धरला, कमरेत वाकून तो डोळ्यांपाशी नेला, मनगट वर-खाली करून पाहिलं आणि तिच्या आवाजात विचारलं, "ओरिगिनाल?"

हॉल हसून कोसळला. अध्यक्षांनी डोळे पुसले. मी ते पुन्हा करून दाखवावं अशी मागणी झाली आणि मी पुन्हा करून दाखवलं.

नोंद दुरुस्त करायची तर एवढी करतो. जिन्यात ती 'ओरिगिनाल' म्हणाली नव्हती. तो शब्द मी घातला. त्याशिवाय गोष्ट उठत नव्हती.

तिनं काय केलं? तीही हसली. सगळ्यांच्या जरा मागून, सगळे कशाला हसतात ते बघून. दुसऱ्यांदा मी वाकलो तेव्हा ती हसत नव्हती. स्वतःच्या हाताकडे बघत होती.

परतताना गाडीत आम्ही तिघंच होतो, रेवा मागे. घर जवळ आल्यावर म्हणाली, "ओपा, सगळ्यांना कळलं ती कोण ते."

"मी नाव घेतलं का?"

"हॉलमध्ये भारतीय नसलेली एकच मुलगी होती," रेवा म्हणाली. हे तिनं मराठीत म्हटलं, तुटक तुटक, पण मराठीत.

काही दिवसांनी ती परकर-पोलका परत करायला आली. धुऊन, इस्त्री करून, कागदात बांधून. दारातच उभी राहिली. लोलाचा हात धरला नाही. मला म्हणाली, "डांके, हेर लिमये." लोलोचा हेर लिमये, म्हणजे श्रीयुत लिमये, झालो होतो, आणि 'तू'वरून 'तुम्ही'वर आलो होतो.

दार लावून मी बायकोला म्हणालो, "बघ, किती सुधारली. एका भाषणात."

बायको म्हणाली, "आज तिनं माझा हात धरला नाही." आणि कागद सोडून तो परकर उगाचच पुन्हा घडी घालत बसली.

त्यानंतर ती आमच्याकडे यायची थांबली. शाळेतली मराठी मुलं म्हणे तिला बघून मनगट पुढे करायची. दुपारी जायची कुठे, तर बानहोफजवळच्या, म्हणजे रेल्वे स्टेशनजवळच्या, शॉपिंग सेंटरमध्ये. तिथे आत बाकं आहेत आणि हिवाळ्यात ऊब असते. मी दोन-तीनदा तिला पाहिलं; मांडीवर पुस्तक, भोवती सगळी दुकानं. मी घरी येऊन म्हणालो, शेवटी गेलीच ना तिकडे. वस्तूंच्या मोहातून तिला सोडवायला निघालो होतो आणि थालीपिठाच्या टेबलावरून उठवून नेमकं दुकानांत नेऊन बसवलं होतं, हे माझ्या लक्षात यायचं होतं. भाषण मात्र गाजलं. म्युनिकच्या मंडळानंही बोलावलं. तिथे अध्यक्षांऐवजी खजिनदारांचा हात धरला.

मग माझा गुडघा बदलायचा ठरला. ज्या दवाखान्यात गेलो तिथेच तिची आई कामाला होती, पण दुसऱ्या मजल्यावर. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी कामाची पाळी संपल्यावर ती मला बघायला आली. अंगात कोट, खांद्याला पिशवी, घरी जायच्या घाईत. मी पांघरुणावर हात टाकून पडलो होतो. घड्याळ ड्रॉवरमध्ये होतं. तिथे अंगावर काही ठेवू देत नाहीत. तिनं विचारपूस केली, निघताना वाकली, माझा उघडा हात धरला आणि कपाळाला लावला.

मनगटावर काहीच नव्हतं.

"माफ करा हं, हेर लिमये," ती म्हणाली. "सवय आहे आमची. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेतो. तुम्ही माझ्या मुलीला किती सांभाळलंत." मग हसून म्हणाली, "तिनं तुमचाही घेतलाच असेल की. निघताना आजीनं बजावलं होतं तिला, जर्मनीत जो पहिला म्हातारा माणूस भेटेल त्याचा आशीर्वाद घ्यायचा, म्हणजे तो देश आपला होतो."

मी छताकडे बघत होतो. ती समजली दुखतंय. उशी नीट केली.

"आता नाही करत ती," आई सांगत होती. "मागच्या सुट्टीत आम्ही घरी गेलो तर तिनं आजीशी शेकहँड केला. आजीला वाटलं पोर रागावली आपल्यावर. रात्रभर रडली हो म्हातारी. मी हिला विचारलं, असं का? तर म्हणाली, युरोपात याला हसतात." ती थांबली. "कोण हसलं असेल, हेर लिमये?"

हा प्रश्न तिनं मला विचारला, अगदी विश्वासानं. आणि मी उत्तर दिलं.

"शाळेतली मुलं असतील," मी म्हणालो.

ती गेल्यावर मला घड्याळाचं आठवलं. आमच्या घरात तिनं चाळणीपासून गणपतीपर्यंत सगळ्याचा वास घेतला, सगळ्याला ओरिगिनाल का म्हणून विचारलं. फक्त घड्याळाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. ते तिनं पाहिलेलंच नसावं. नजर खाली होती, कारण आशीर्वाद घेताना नजर खाली असते. हे मला कळायला हवं होतं. मी ज्या गावचा आहे तिथे माणसं पायाशी वाकतात; त्यातलं कुणी बूट कुठल्या कंपनीचे ते बघायला वाकतं असं मला कधी वाटलं नाही.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मी त्याच दिवशी सांगितलं होतं."

खरंच सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं अशातला भाग नाही. माझी गोष्ट जास्त चांगली होती, एवढंच.

मग माफी मागायचं ठरवलं, आणि ठरवण्यातच बराच काळ गेला. एकदा वर जाऊन बेलपर्यंत बोट नेलं, तेवढ्यात आतून तिच्या आईचं हसणं ऐकू आलं आणि परत आलो. शाळेतल्या मुलांवर ढकललेलं आता आईसमोर कसं काढणार? एकदा ती शॉपिंग सेंटरमध्ये दिसली, पण तिच्याबरोबर मैत्रिणी होत्या. आणि खरं सांगायचं तर एकटी असती तरी मी दुसरं कारण काढलं असतं. तिच्या आईला मात्र मी जिन्यात विचारून घेतलं होतं की आशीर्वाद देताना काय म्हणतात. "काआवान का नाङ दियोस," तिनं शिकवलं. देव तुझं भलं करो. अंघोळ करताना मी ते घोकायचो. त्याच्यापुढे जोडायला जर्मनमध्ये दोन वाक्यं तयार केली, पहिलं जिन्याबद्दलचं, दुसरं हॉलबद्दलचं. कंपनीत अहवाल लिहायचो तशी छोटी आणि फट नसलेली वाक्यं.

शाळा संपली आणि तिला म्युनिकला बुटांच्या एका मोठ्या दुकानात शिकाऊ म्हणून जागा मिळाली. हे ऐकून मंडळातले एक जण म्हणाले, "बघा काका, तुम्ही म्हणाला होतात ना." मी काही बोललो नाही. पूर्वी बोललो असतो.

ती जायची त्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, आज जर गेला नाहीत ना दारात, तर पुन्हा त्या पोरीचं नाव माझ्यासमोर काढू नका." मी घड्याळ काढलं आणि चपलांच्या कपाटावर ठेवलं. पुन्हा घोटाळा नको.

वरून बॅगेची चाकं पायऱ्यांवर आपटत आली. आई पुढे बसस्टॉपवर गेली होती. ती आमच्या मजल्यावर थांबली. उंच झाली होती. पायांत पांढरे बूट होते, बाजूला ती खूण असलेले. बायकोनं तिला बेसनाच्या लाडवांचा नवाकोरा स्टीलचा डबा दिला. तिनं तो सवयीनं नाकाकडे उचलला. मध्येच मी मागे उभा असलेला दिसलो आणि तिनं डबा खाली घेतला. नुसतं "डांके" म्हणाली. बायकोला मिठी मारली. मग माझ्याकडे वळली.

मी हात पुढे केला. पालथा, बोटं सैल सोडून, थोडा वर, तिला वाकावं लागू नये म्हणून. बाही मी आधीच मागे सारली होती. त्या दिवशी मात्र तिनं खरोखर मनगटाकडे पाहिलं. घड्याळाच्या जागी फिकट कातडीचा पट्टा होता, बाकी काही नाही. तिला कळलं असावं. क्षणभर तिची मान किंचित खाली आली, किंवा मला तसं वाटलं.

मग तिनं माझा हात धरला, हलकेच उभा केला, इथल्या रीतीप्रमाणे एकदा घट्ट हलवला आणि डोळ्यांत बघून म्हणाली, "आलेस गुटं, हेर लिमये." म्हणजे शुभेच्छा.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', मी म्हणालो. पुढची दोन्ही वाक्यं तयार होती. बॅग पायऱ्या उतरत गेली, आणि खालचं दार लागल्याचा आवाज आला तेव्हा माझा हात अजून तसाच पुढे होता, तिनं उभा करून ठेवलेला.